मोडलेल्या संसारांची दप्तरी नोंद

अलीकडे घटस्फोट फार वाढले, हे वाक्य नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, कोणाही प्रौढ गृहस्थाच्या तोंडून सहज ऐकावयास मिळते. आणि त्या वाढीची जी कारणे पाठोपाठ सांगितली जातात, म्हणजे मुलींचे शिक्षण, हातातला मोबाईल, पुण्या-मुंबईचे वारे आणि मुलीच्या आईची संसारातली ढवळाढवळ, तीही इतकी ठराविक असतात की, प्रश्नाचा विचार होण्यापूर्वीच त्याचा फैसला झालेला असतो. या फैसल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते ती बहुधा शिकलेली सून. वस्तुतः विवाहविच्छेद ही एखाद्या कारणाची निष्पत्ती नव्हे. कायदा, जमीन, स्थलांतर, शिक्षण, जातीचे रिवाज आणि स्त्रीपुरुषांच्या परस्परांविषयीच्या अपेक्षा या सर्वांचा त्यात वाटा असतो, आणि गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातील या दोन जिल्ह्यांचा पूर्वेतिहास उर्वरित महाराष्ट्राहून निराळा असल्यामुळे तो वाटाही येथे निराळ्या प्रमाणात पडलेला आहे. त्या सर्वांचा एकत्रित आढावा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम आकड्यांची रुजवात घालू. २०११ च्या जनगणनेत सबंध भारतात घटस्फोटित म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रीपुरुषांची संख्या सुमारे १३ लाख ६० हजार होती, म्हणजे हजार माणसांमागे जेमतेम एक. जगाच्या मानाने हे प्रमाण अत्यल्प आहे. परंतु त्याच जनगणनेत विवाह कायद्याने कायम असूनही पतिपत्नी वेगळे राहत आहेत, अशा विभक्तांचा जो निराळा रकाना आहे, त्यातील संख्या घटस्फोटितांच्या जवळजवळ तिप्पट भरते. आणि दोन्ही रकान्यांत स्त्रिया पुरुषांहून पुष्कळ अधिक आहेत, कारण पुरुष दुसरे लग्न करून पुन्हा विवाहितांच्या रकान्यात जाऊन बसतो आणि स्त्री मात्र जिथल्या तिथे राहते. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे ध्यानात येते की, न्यायालयाच्या दप्तरात न आलेले मोडके संसार दप्तरात आलेल्यांहून किती तरी अधिक आहेत. पर्जन्यमापक ज्या वर्षी बसविले त्या वर्षापासून पाऊस पडू लागला, असे कोणी म्हणत नाही. घटस्फोटाच्या बाबतीत मात्र आपण बरेचसे तसेच म्हणत असतो.

पूर्वी संसार मोडत नव्हते, ही समजूत इतिहासाला धरून नाही. कौटिल्याने परस्परद्वेष हे पतिपत्नींच्या मोक्षाचे कारण मानले होते, मात्र ब्राह्मादी धर्म्य विवाहांना ती सवलत नाकारली होती. आणि पुढील काळी उच्चवर्णीयांनी ही नकाराची बाजूच तेवढी सर्व हिंदूंचा धर्म म्हणून मिरविली. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील बहुसंख्य जातींमध्ये पंचांसमक्ष काडीमोड होत असे, सोडचिठ्ठी लिहून दिली जात असे, फारकत घेतलेल्या स्त्रीचा पाट लागत असे, आणि पेशवाईच्या दप्तरात पाटदामासारखा कर नोंदलेला आढळतो, यावरून सरकारलाही हा व्यवहार ठाऊक होता व मान्य होता, हे उघड आहे. अर्थात या रिवाजाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पंच पुरुष असत, दंड बहुधा स्त्रीच्या माहेरावर बसे आणि मुले बापाची मानली जात. परंतु विवाह अविच्छेद्य आहे ही कल्पना गावगाड्यातील बहुजनांची कधीच नव्हती, ती मूठभर जातींची होती. शिक्षण आणि प्रतिष्ठा यांच्या मोहाने इतरांनी विसाव्या शतकात ती उसनी घेतली, आणि जो रिवाज आजोबांच्या वेळी सरळ होता, तो नातवाच्या वेळी घराण्याला बट्टा ठरला.

कायद्याच्या बाबतीत मराठवाडा मागे राहिला, याचे कारण राजकीय होते. करवीरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात काडीमोडीला कायद्याची चौकट दिली, सयाजीरावांच्या बडोद्यात १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा निर्बंध झाला, आणि मुंबई इलाख्यात १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधक व १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. परंतु नांदेड आणि त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर ही दोन्ही ठिकाणे निजामाच्या मुलखात असल्यामुळे यांपैकी एकही कायदा येथे लागू नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, पण येथील हिंदू स्त्रीला विवाहबंधनातून सुटण्याचा सर्वसामान्य कायदेशीर हक्क मिळाला तो १९५५ च्या केंद्रीय हिंदू विवाह कायद्याने. ज्या हिंदू कोड बिलाच्या रखडपट्टीमुळे डॉ. आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचाच हा एक तुकडा होता. म्हणजे ज्याला आपण पुरातन स्थैर्य म्हणतो, ते या मुलखात पुष्कळ अंशी निव्वळ कायद्याच्या अभावाचे नाव होते.

त्या अभावाची झळ पुरुषाला कधी लागली नाही. पत्नी नकोशी झाली, तिला मूल झाले नाही किंवा मुलीच झाल्या, तर तो सवत आणी. पहिलीला माहेरी नेऊन टाकी. आणि ती नांदत नाही, एवढे चार लोकांत सांगितले की त्याची जबाबदारी संपे. भावाच्या घरी दळणकांडण करणारी, शेतात रोजाने खपणारी, गळ्यात मंगळसूत्र असून सवाष्णींच्या पंगतीला कधी न बोलावली जाणारी ही टाकलेली बाई मराठवाड्याच्या प्रत्येक गावात होती, आणि तिची मोजदाद कोणत्याही दप्तरात नव्हती. १९८८ मध्ये संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरविली, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्रापुढे प्रथम संघटित स्वरूपात आला; ॲड. निशा शिवूरकर यांच्या ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या ग्रंथात त्या लढ्याची हकीकत आहे. घटस्फोट वाढले असे म्हणताना ज्या पूर्वकाळाशी आपण तुलना करतो, त्या काळाच्या हिशेबात ही बाई धरलेली नसते, आणि म्हणून तो हिशेबच मुळात चुकतो.

१९५५ च्या कायद्याने एकपत्नीत्व सक्तीचे केले, आणि घटस्फोटवाढीचे हे पहिले मोठे कारण आहे, जे सहसा कोणी सांगत नाही. दुसरी बायको करण्याची मोकळीक होती तोवर पुरुषाला पहिलीपासून कायदेशीर सुटका मागण्याची गरज नव्हती; ती मोकळीक गेली तेव्हा तोच अर्जदार होऊन न्यायालयात आला. शासकीय सेवेच्या वर्तणूक-नियमांनी द्विभार्येची वाट नोकरदाराला बंद केली, आणि निवृत्तिवेतन, पारपत्र, शिधापत्रिका अशा प्रत्येक कागदावर पत्नीचे नाव विचारले जाऊ लागल्यामुळे शंभर रुपयांच्या बाँडवर नोटरीकडे लिहिलेली फारकत अपुरी पडू लागली. स्त्रीच्या बाजूनेही कागदाची गरज वाढली. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान मागताना तहसील कचेरीत परित्यक्ता अथवा घटस्फोटित असल्याचा पुरावा द्यावा लागतो; २०२४ च्या लाडकी बहीण योजनेतही परित्यक्ता व घटस्फोटित हे वेगळे गट मानले आहेत. जो संबंध पूर्वी नुसता तुटत असे, तो आता तुटला असल्याचे सिद्ध करावे लागते.

दुसरे कारण कायद्याच्या उत्तरोत्तर विस्ताराचे आहे. १९५५ च्या मूळ कायद्यात क्रूरता आणि परित्याग ही केवळ न्यायिक विभक्ततेची कारणे होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती थेट घटस्फोटाची कारणे झाली आणि परस्परसंमतीने विभक्त होण्याचा सरळ मार्गही त्याच दुरुस्तीने खुला झाला. या मार्गातील सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, आणि विवाह भरून न निघण्याइतका मोडला असेल तर आपल्या विशेषाधिकारात तो आपण संपुष्टात आणू शकतो, असा निर्णय घटनापीठाने २०२३ मध्ये दिला. परंतु सामान्य स्त्रीच्या दृष्टीने याहून महत्त्वाच्या ठरल्या त्या दोन लहान दुरुस्त्या. २००१ पर्यंत फौजदारी प्रक्रिया संहितेखाली मिळणाऱ्या पोटगीला दरमहा पाचशे रुपयांची मर्यादा होती, ती त्या वर्षी गेली. आणि २००३ पासून पत्नी जेथे राहते तेथील न्यायालयातही तिला दावा दाखल करता येऊ लागला. पुण्यात नांदावयास गेलेली उदगीरची किंवा देगलूरची मुलगी माहेरी परतली, तर तिला तारखेसाठी पुण्याच्या फेऱ्या घालाव्या लागत नाहीत, ती आपल्याच जिल्ह्यात दावा लावते. आणि मग येथील दप्तरात जी नोंद वाढते, तिचा संसार येथे मोडलेला नसतो. औरंगाबादला १९८१ मध्ये खंडपीठ आले, १९८४ च्या कायद्यान्वये कौटुंबिक न्यायालये निघाली आणि कालांतराने नांदेड व लातूर येथेही ती झाली. न्याय जवळ आला की न्याय मागणारे वाढतात, हा सर्व काळचा अनुभव आहे.

मुस्लिम समाजात प्रश्नाचे रूप निराळे आहे, कारण तेथे विवाह प्रथमपासून करार मानला गेला, तलाक पुरुषाला सुलभ होता आणि स्त्रीला ‘खुला’ म्हणजे स्वतःच्या मागणीवरून विच्छेद मिळविण्याची किंवा १९३९ च्या कायद्याने न्यायालयात जाण्याची वाट होती. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला, तेव्हापासून एकतर्फी तलाकाविरुद्धचा आवाज महाराष्ट्रात सतत उठत राहिला. या इतिहासात लातूरचेही एक पान आहे. लातूरकडील एका पोटगीच्या वादात औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने २००२ मध्ये असा निर्णय दिला की, नवऱ्याने तलाक दिल्याचे नुसते कैफियतीत लिहिल्याने तलाक सिद्ध होत नाही. त्याला सबळ कारण हवे, त्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा यत्न केलेला हवा, आणि हे सर्व पुराव्याने शाबीत झाले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ मध्ये रद्दबातल ठरविला आणि २०१९ मध्ये तो दंडनीय झाला, त्याच्या पुष्कळ आधीचा हा निकाल आहे. परिणामी जे विच्छेद पूर्वी चार भिंतींत उरकत, ते येथेही न्यायालयाच्या पायरीवर येऊ लागले.

या दोन जिल्ह्यांत, विशेषतः नांदेडमध्ये, विवाहविच्छेदाचे किती निरनिराळे मार्ग एकत्र नांदतात, हे पाहण्यासारखे आहे. किनवट-माहूरच्या डोंगरी भागातील गोंड, कोलाम आणि आंध यांना अनुसूचित जमाती म्हणून हिंदू विवाह कायदा लागू नाही, त्यांची सोडवणूक जमातीच्या रिवाजाने होते. तांड्यावरच्या बंजाऱ्यांना कायदा लागू असूनही पुष्कळदा नायकासमोरची बैठकच निर्णायक ठरते. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या छायेतील शिखांचा आनंद विवाह १९०९ च्या कायद्याने मान्य असला तरी त्या कायद्यात घटस्फोटाची तरतूद नसल्यामुळे त्यांना हिंदू विवाह कायद्याकडेच यावे लागते. आणि लातूरकडचे लिंगायत व दोन्ही जिल्ह्यांतील नवबौद्ध हेही, धर्मविचाराने वेगळे असून, याच कायद्याखाली येतात. कायद्याने जातीच्या प्रथेतील घटस्फोट राखून ठेवला आहे खरा, परंतु प्रथा प्राचीन, अखंड आणि निश्चित असल्याचे सिद्ध करण्याचा बोजा सांगणाऱ्यावर आहे. आणि तो अनेकांना पेलत नाही, म्हणून पंचांसमोर मोडलेले लग्न कित्येक वर्षांनंतर न्यायालयात कायमच ठरते आणि दुसऱ्या लग्नाची संतती व मालमत्ता यांचे नवे दावे उभे राहतात. जातपंचायतीचा धाक जसजसा ओसरत आहे, तसतसा हा सारा व्यवहार दिवाणी दप्तराकडे वळत आहे.

येथवर सांगितलेली कारणे नोंद वाढण्याची झाली. परंतु संसार प्रत्यक्षातही अधिक मोडत आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्याची कारणे घरात शोधली पाहिजेत. शिक्षण हे त्यातील पहिले. दहावी-बारावीच्या यशासाठी ‘लातूर पॅटर्न’ हे नाव सबंध राज्यात रूढ झाले. नांदेडला १९५० पासून पीपल्स कॉलेज आणि १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे. याच नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीची चिकित्सा करून स्त्रीच्या दास्याचे शास्त्रीय समर्थन उघडे केले. या वातावरणात वाढलेली मुलगी बारावीपर्यंत भावाच्या बरोबरीने शिकविली जाते, तिला स्पर्धेची, गुणांची आणि स्वतःच्या मताची सवय लागते. आणि विवाहानंतर ज्या घरात ती जाते, तेथे मात्र तिच्याकडून तिच्या आजीचे मौन अपेक्षिले जाते. दोष शिक्षणाचा म्हणावा, तर तो मुलीला शिक्षण दिल्याचा नाही. मुलाला शाळेत पाठवून संसाराचे शिक्षण न दिल्याचा आहे.

दुसरे कारण हुंड्याचे आणि कर्जाचे. १९६१ पासून हुंडा कायद्याने निषिद्ध असूनही देणेघेणे या सभ्य नावाखाली तो चालूच आहे. नोकरीचा मुलगा, बारा एकरांचा मुलगा, असे स्थळांचे भावही जगजाहीर आहेत. पावसावर अवलंबून असलेल्या या मुलखात, जेथे २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे एका लग्नापायी दोन एकर विकलेला बाप आणि तेवढ्यानेही समाधान न झालेले सासर हे नाते प्रथमपासूनच वैराचे होऊन बसते. पहिल्या दोन-तीन वर्षांत, दिवाळसण आणि डोहाळजेवणाच्या मानपानावरून, जी लग्ने मोडतात, त्यांच्या मुळाशी स्वभावभेद फारसा नसतो. न फिटलेला व्यवहार असतो.

तिसरे कारण स्थलांतर आणि बालविवाह यांच्या जोडीचे आहे. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे वयात आलेली मुलगी मागे ठेवण्यास धजत नाहीत, म्हणून तिचे लग्न उरकून टाकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले. शेजारच्या परभणीत हे प्रमाण ४८ टक्के आहे. सोळाव्या वर्षी दोन बापांनी ठरविलेला संसार विसाव्या वर्षी त्या मुलीला परका वाटू लागला, तर त्याचे आश्चर्य कशाला? दुसरीकडे हडपसर, चाकण, पिंपरी-चिंचवड येथे रोजगारासाठी गेलेले तरुण जोडपे, एका खोलीत, दोन पाळ्यांत, भाऊबंदांच्या धाकापासून आणि आधारापासूनही दूर राहते. एकत्र कुटुंब सुनेला छळीत असे तसेच तंटा मिटवीतही असे. छळ आणि तडजोड या दोहोंचे ते ठिकाण आता उरले नाही. मोबाईलने संशयाला आणि माहेरच्या सल्ल्याला चोवीस तासांची वाट करून दिली हे खरे, परंतु तो कारण असण्यापेक्षा निमित्त अधिक आहे.

या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो असा की, पत्नीच्या छळाविरुद्ध १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत आलेले कलम ४९८-अ आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा यांनी स्त्रियांच्या हाती शस्त्र दिले आणि त्याचा दुरुपयोग होतो. काही प्रकरणांत नवऱ्याच्या दूरच्या नातलगांनाही फिर्यादीत गोवले जाते, ही गोष्ट न्यायालयांनीच वेळोवेळी नोंदविली आहे, आणि ती नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तथापि फिर्याद ही पुष्कळदा तडजोडीच्या बैठकीत वजन मिळविण्याचे एकमेव साधन म्हणून वापरली जाते, याचा अर्थ त्या बैठकीत स्त्रीच्या शब्दाला अन्यथा वजन नसते, असाही होतो. पश्चिमेकडील अनुभवही येथे उपयोगी पडेल. कॅलिफोर्निया आणि इंग्लंड यांनी १९६९ मध्ये दोषारोपाविना घटस्फोटाच्या दिशेने पाऊल टाकले, त्यानंतर प्रमाण झपाट्याने वाढले. परंतु अमेरिकेत ते १९८० च्या सुमारास कळसाला पोचून पुढे उतरू लागले. कायद्याची दारे उघडली म्हणून विवाहसंस्था नामशेष होते, ही भीती तेथील अर्धशतकाने खरी ठरविलेली नाही.

खरी चिंता करण्यासारखी गोष्ट निराळी आहे, आणि ती म्हणजे विच्छेदानंतरच्या आयुष्याची. पोटगीचा हुकूमनामा होतो, पण वसुली होत नाही; कारण सातबारा सासऱ्याच्या नावावर असतो आणि नवरा न्यायालयात स्वतःला बेकार म्हणवितो. दोन्ही बाजूंनी उत्पन्नाची व मालमत्तेची प्रतिज्ञापत्रे द्यावीत आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असा दंडक नागपूरच्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घालून दिला; त्याची कसोशीने अंमलबजावणी झाली तर अर्धा कज्जा मिटेल. माहेरच्या जमिनीत मुलीला महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये जन्मसिद्ध हिस्सा दिला, परंतु लग्नानंतर भाऊ तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. आणि तीच बहीण मूल कडेवर घेऊन परत आली, म्हणजे ज्या घरावरचा हक्क तिने सोडला, त्याच घरात ती ओझे ठरते. मुलांची स्थिती याहून बिकट. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे कायदा म्हणतो, परंतु ताब्याबरोबर खर्चही तिच्याच पदरी पडतो. पोलीस ठाण्याच्या महिला कक्षात किंवा लोकअदालतीत समेट झालेल्या जोडप्यांची संख्या अभिमानाने प्रसिद्ध होते. त्यांपैकी किती जणी खरोखर सुखाने नांदल्या आणि किती जणी निरुपायाने परत गेल्या, याचा पाठपुरावा मात्र होत नाही.

म्हणून घटस्फोट वाढले की घटले, या संख्येवरून समाजाचे आरोग्य ठरवू नये. ज्या समाजात टाकलेली बाई आहे आणि घटस्फोट नाही, तो समाज स्थिर नसतो. तो केवळ आपल्या दुःखाची नोंद करीत नाही, एवढेच. नांदेड-लातूरच्या न्यायालयांत आज जे दावे उभे आहेत, त्यांतील मोठा भाग जुन्या अन्यायाने उशिरा मागितलेल्या दप्तरी दाखल्याचा आहे, आणि उरलेला भाग अशा विवाहांचा आहे, जे मुलीच्या संमतीवाचून, वयापूर्वी किंवा हुंड्याच्या बोलीवर जुळविले गेले होते. विच्छेद थांबविण्याची खरी जागा न्यायालय नसून सोयरीक जुळविणारी बैठक आहे. तेथे मुलीचे वय, तिचा होकार आणि देण्याघेण्याला नकार या तीन गोष्टी ज्या घरात पाळल्या जातील, त्या घराला घटस्फोटाची धास्ती घेण्याचे कारण नाही. आणि एवढे करूनही एखादा संसार मोडलाच, तर त्या मुलीकडून हक्कसोड लिहून न घेता तिचा हिस्सा तिच्या नावे सातबाऱ्यावर चढविणे, हे प्रत्येक बापाचे आणि भावाचे कर्तव्य आहे.